काडीचा हक्क : विज्ञानाचे पदवीधर आणि बौद्धिक संपदेचा कायदा

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस एकाच आठवड्यात मला दोन प्रश्न विचारले गेले.

पहिला इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाकडून आला. तिथल्या एका जुन्या द्राक्ष बागाईतदारांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. ते काही कामाने पुण्यात आले होते, जाता जाता माझ्या कार्यालयात डोकावले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळ्या द्राक्षांचा घड त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांच्या शरद सीडलेसच्या बागेत पाच-सहा वर्षांपूर्वी एका वेलीच्या एकाच ओलांड्यावर इतरांपेक्षा लांबट मणी दिसले. त्या ओलांड्याच्या काड्या घेऊन त्यांनी खुंटांवर कलमे भरली आणि आता पाऊण एकरात तोच माल उभा आहे. "ह्याचं पेटंट निघंल का रं?" त्यांनी विचारले.

दुसरा प्रश्न दोनच दिवसांनी फोनवर आला. बारामतीत जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, गावाकडच्याच ओळखीतली एक मुलगी बोलत होती. "सर, एम.एस्सी. झाल्यावर लॉ केलं तर उपयोग होतो का? घरचे म्हणतात, वकीलच व्हायचं होतं तर पाच वर्षं सायन्स कशाला शिकलीस?"

मी स्वतः रसायनशास्त्राचा विद्यार्थी. अपघातानेच या व्यवसायात आलो आणि पेटंट एजंट म्हणून काम करू लागलो. तात्यांना मी म्हणालो, "पेटंट निघणार नाही." मुलीला म्हणालो, "उपयोग होतो." दोन्ही उत्तरे बरोबर होती, पण दोन्ही अपुरी होती. ती पुरी करताना माझ्या लक्षात आले की दोघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तात्यांच्या घडाचे पुढे काय होणार, हे त्या मुलीसारख्या कुणीतरी त्यांच्या बांधावर जाण्यावर अवलंबून आहे. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

एका पोत्यात किती हक्क?

'बौद्धिक संपदा' हा शब्द ऐकला की आपल्याकडे बहुतेकांना फक्त पेटंट आठवते. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या कायद्यांचे एक कुटुंब आहे. आमच्या भागातलीच उदाहरणे घ्यायची तर साखरेच्या पोत्यावर छापलेले नाव आणि चिन्ह हा व्यापारचिन्हाचा विषय. वालचंदनगरच्या कारखान्यात एखाद्या यंत्रात नवी सुधारणा झाली, तर ती पेटंटचा विषय. त्या यंत्राची माहितीपुस्तिका हा कॉपीराइटचा विषय. सोलापूरचे डाळिंब किंवा मंगळवेढ्याची ज्वारी हे भौगोलिक मानांकनाचे विषय. त्यात हक्क एका माणसाचा नसतो, त्या भूभागातल्या उत्पादकांचा असतो. आणि उसाचा, द्राक्षाचा, भाताचा नवा वाण हा पाचवाच विषय. त्यासाठी २००१चा 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा' आहे.

यातले पेटंट म्हणजे एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती इतकी स्पष्ट लिहून द्यायची की त्या विषयातला जाणकार माणूस ती वाचून स्वतः करू शकेल. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क सरकार देते. वीस वर्षांनी ती युक्ती सगळ्यांची होते. गुपित ठेवायचे असेल त्याने पेटंटच्या वाटेला जाऊच नये. उघड करणे हीच त्याची किंमत आहे.

आपला पेटंट कायदा १९७०चा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालावर तो उभा राहिला. औषधे आणि अन्नपदार्थ यांच्या उत्पादनांवर पेटंट द्यायचे नाही, फक्त प्रक्रियेवर द्यायचे, असे त्यात ठरले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून ती अट गेली. पण काय पेटंट करता येणार नाही याची कलम ३ मधली यादी राहिली, वाढलीही. शेतीची पद्धत पेटंट करता येत नाही. वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण पेटंट करता येत नाहीत. सूक्ष्मजीवांचा तेवढा अपवाद. पारंपरिक ज्ञान पेटंट करता येत नाही. नुसते मिश्रणही नाही. तात्यांना मी झटकन 'नाही' म्हणालो ते या यादीच्या जोरावर.

एका वाक्याचे काम

विज्ञानाची पदवी इथे नेमकी कुठे लागते? अर्जाच्या शेवटी असलेल्या 'दाव्यां'पाशी. पेटंटच्या अर्जात पानेच्या पाने वर्णन असते, पण हक्क मिळतो तो दाव्यातल्या वाक्यांवर. जमिनीच्या सातबाऱ्यावर गट नंबर आणि क्षेत्र असते, तसे दावे म्हणजे कल्पनेच्या चतुःसीमा. सीमा फार पुढे ढकलली की आधीच कुणाच्या तरी मालकीच्या किंवा सगळ्यांच्या रानात शिरते आणि दावा फेटाळला जातो. फार आत घेतली की शेजारी बांधावरून हात घालून माल नेतो आणि कायद्याला काही करता येत नाही.

समजा, इंदापूरच्या कुणी पदवीधर शेतकऱ्याने डाळिंबाचे फळ उन्हाने भाजू नये म्हणून फवारायचे मिश्रण तयार केले. त्यात पांढरी चिकणमाती आहे आणि एका झाडाचा डिंक आहे. फळांवर पांढऱ्या मातीचा थर देऊन ऊन अडवणे जुने आहे. डिंकाने थर चिकटतो हेही कुणालाही सुचेल. आता कायदा विचारतो, हे नुसते मिश्रण आहे की दोन्ही एकत्र आल्यावर त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त काही घडते? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला असला तरी त्याचे उत्तर प्रयोगात आहे. नुसती माती फवारलेली झाडे, नुसता डिंक फवारलेली झाडे, दोन्ही फवारलेली झाडे आणि काहीच न फवारलेली झाडे अशा चार ओळी लागतात. मातीचे प्रमाण किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत चालते, कुठे चालेनासे होते, हे आकडे लागतात. विज्ञान शिकलेला माणूस हे आकडे अर्ज लिहिण्यापूर्वी मागतो. न शिकलेल्याला ते मागायचे असतात हेच सुचत नाही आणि दोन-तीन वर्षांनी परीक्षकाचा आक्षेप आल्यावर वेळ गेलेली असते. शिवाय हे मिश्रण अमुक महिन्यात अमुक वेळा फवारावे, असा दावा केला तर ती शेतीची पद्धत ठरते, तोही जातो. तेव्हा मिश्रण मागायचे, वेळापत्रक मागायचे नाही, हे कळायला कायदाही यावा लागतो.

मोठ्या खटल्यांतही हेच दिसते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६मध्ये आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झाले. 'आमच्या आजीला हे माहीत होते' ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण आजीची साक्ष तिथे चालली नसती. चालले ते छापील पुरावे : जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक शोधनिबंध. कुणीतरी ग्रंथालयात बसून तो निबंध शोधला, त्यातले विज्ञान दाव्यातल्या शब्दांशी शब्दाला शब्द लावून पाहिले, म्हणून हळद सुटली. यातून धडा घेऊन पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला गेला, म्हणजे परदेशातल्या परीक्षकाला तो अर्ज तपासतानाच पाहता यावा.

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा निकाल दिला. तो सगळा वाद इमॅटिनिब मेसिलेट या रेणूच्या एका स्फटिकरूपाचा होता. नवे रूप शरीरात सुमारे तीस टक्के अधिक शोषले जाते, असे कंपनी म्हणत होती. न्यायालयाने विचारले की अधिक शोषले जाणे म्हणजे रोगावर अधिक गुण येणे का? कलम ३ मधल्या 'परिणामकारकता' या एका शब्दाचा अर्थ तिथे ठरला आणि असंख्य रुग्णांच्या औषधखर्चाचा प्रश्न त्याला जोडलेला होता. स्फटिकशास्त्र आणि औषधशास्त्र न समजता हा वाद ना लढता आला असता, ना ऐकता.

माझे चौदा महिने

हे सगळे मला शिकतानाच कळले असते तर बरे झाले असते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी उसाच्या चिपाडाच्या राखेपासून सांडपाण्यातला रंग शोषून घेणारी भुकटी तयार केली होती. एका परिषदेत निबंध वाचला, तो परिषदेच्या पुस्तिकेत छापून आला, टाळ्या मिळाल्या. वर्षभराने एका उद्योजकाने चौकशी केली आणि पेटंट आहे का विचारले. मी एका सल्लागाराकडे गेलो. त्याने पुस्तिकेवरची तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "चौदा झाले."

आपल्या कायद्यात नियम असा की शोध अर्जाच्या तारखेपूर्वी कुठेही प्रसिद्ध झाला की तो नवा राहत नाही. मग तो स्वतः संशोधकाने प्रसिद्ध केला असला तरीही. कलम ३१ थोडी सवलत देते. विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध असेल, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास चालते. एरवी नियतकालिकात छापलेल्या निबंधाला, ग्रंथालयात ठेवलेल्या प्रबंधाला, समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीला ही सवलत नाही. विज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की लवकर छापा. पेटंट म्हणते की आधी अर्ज करा, मग छापा. अर्जासाठी पूर्ण तपशील लागतोच असे नाही. तात्पुरते विवरण देऊन तारीख मिळवता येते आणि पूर्ण विवरण बारा महिन्यांत देता येते. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. हे मला कुणी सांगितले नव्हते, कारण सांगणाऱ्यांनाही माहीत नव्हते.

आज मागे वळून पाहतो तेव्हा माझ्या त्या राखेत नावीन्य कितपत होते याचीच मला शंका येते. पण ती शंका तेव्हा घेता आली नाही, हेच माझे खरे नुकसान.

बारामतीकडे पाहताना मला ते चौदा महिने आठवतात. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली; अवर्षण, क्षार, उष्णता यांत पिके कशी तगवायची याचा अभ्यास तिथे चालतो. जवळच कृषी विज्ञान केंद्र आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात १९६२पासून मुले शिकत आली आहेत. विद्या प्रतिष्ठानचे विधी महाविद्यालयही याच गावात आहे. प्रयोगशाळा, शेत आणि कायद्याचा वर्ग एकमेकांपासून काही किलोमीटरांवर असणारी तालुक्याची गावे महाराष्ट्रात फार नाहीत. तरीही या तिघांत ये-जा करणारा माणूस मला क्वचित भेटतो.

तात्यांचा घड

आता तात्यांकडे वळू. पेटंट नाही, पण २००१च्या कायद्याखाली वाणाची नोंदणी होऊ शकते. तिथे अर्जदार कंपनी, विद्यापीठ किंवा साधा शेतकरीही असू शकतो. शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. वेली आणि वृक्षांना एकूण १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे संरक्षण मिळते. द्राक्षाच्या चाचणीचे केंद्र फार दूरही नाही, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे.

हा कायदा नव्हता तेव्हाची आपली द्राक्षे पाहा. थॉमसन सीडलेसमधून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेत 'तास-ए-गणेश' सापडले. सोलापूरजवळच्या नान्नजला 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' सापडले. हे सगळे बागाईतदारांच्या नजरेने निवडलेले वाण. लाखो काड्या गावोगाव गेल्या, महाराष्ट्राची द्राक्षशेती त्यांवर उभी राहिली. निवडणाऱ्यांना मान मिळाला. कायद्याने हक्क मिळण्याची सोयच नव्हती.

काही ठिकाणी मानही उशिरा मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास आपल्या दीडेक एकरात वेगळ्या दिसणाऱ्या भाताच्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे त्या निवडून बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. एचएमटी घड्याळाच्या नावाने तो भात देशभर खपला. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि पुढे 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित झाला; त्या नावात दादाजी नव्हते. २००५मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा हलाखीतच होते. सिद्ध केलेल्या वाणाची योग्य वेळी कागदावर नोंद करणारा कुणी शेजारी असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून तात्यांना मी परत बोलावले आणि विचारले, "जीए किती वेळा लावता?"

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. द्राक्षाचा मणी लांबवायला आणि फुगवायला बागाईतदार घड त्यात बुडवतात. तात्यांचे मणी लांबट आहेत ते वाणामुळे की बुडवणीमुळे? की त्या कोपऱ्यात खत-पाणी जास्त पडते म्हणून? ओलांड्यावरचा डोळा खरोखर बदलला असेल, तर तो बदल कलमातून पिढ्यानुपिढ्या तसाच उतरायला हवा. कायदा तीन गोष्टी मागतो : वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थैर्य. माहीत असलेल्या इतर वाणांपासून तो कशाने वेगळा, सगळ्या वेली सारख्या आहेत का, आणि पुढच्या कलमांतही गुण टिकतो का? कायद्याचे हे तीन शब्द म्हणजे वनस्पतिशास्त्राचे तीन प्रयोग आहेत.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, "काड्या कुणाला दिल्या?"

"पाव्हण्यांना दिल्यात. पैसं न्हाय घेतलं."

"पैसे घेऊन कुणालाच नाही?"

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. "एकाला दिल्या. दोन छाटण्या झाल्या असत्याल त्याला."

नव्या वाणासाठी अट अशी की अर्जाआधी एक वर्षाहून अधिक काळ भारतात त्याची विक्री झालेली नसावी. तात्यांच्या त्या एका व्यवहाराने 'नवा वाण' हा दरवाजा बहुधा बंद केला. पण कायद्यात प्रचलित वाणांसाठी वेगळा दरवाजा आहे, तिथे नावीन्याची अट नाही. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य तेवढे दाखवावे लागते. त्या दरवाजातून कितपत आत जाता येईल हे पुराव्यावर ठरेल. मूळ वेल अजून जागेवर आहे, हे आमचे भाग्य. ती तोडू नका, एवढे मी तात्यांना तीनदा बजावले.

तात्यांनी जाताना एक भीतीही बोलून दाखवली. "उद्या दुसऱ्या कुणी ह्याचीच नोंद केली, तर मलाच कोर्टात वढतील का?" ही भीती हवेतली नाही. २०१९मध्ये पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याचा वाण लावला म्हणून गुजरातेतल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडे एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर गदारोळ झाल्यावर दावे मागे घेतले गेले. वाणाची नोंदणी प्राधिकरणाने डिसेंबर २०२१मध्ये रद्द केली आणि जानेवारी २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द करणे फिरवले. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखता, पेरता, वाटता, विकता येते. फक्त ते छापील नावाच्या पिशवीत घालून विकता येत नाही. हे कलम जगातल्या फार थोड्या कायद्यांत सापडेल. पण ते गुजरातच्या शेतकऱ्यांना आधीच माहीत असते, तर नोटीस आल्यावर त्यांची झोप तेवढी उडाली नसती. हा कायदा दोन्ही बाजूंनी चालवता येतो. त्यात येणाऱ्याने आपण कोणत्या बाजूला बसणार हेही ठरवायचे असते.

मुलीला दिलेले उत्तर

त्या मुलीला मी जे सांगितले ते तिच्यासारख्या इतरांसाठी इथे लिहितो.

पेटंट एजंट होण्यासाठी वकील असावे लागत नाही, विज्ञान शिकलेले असावे लागते. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पात्रता परीक्षा. परीक्षेत शंभर-शंभर गुणांचे दोन लेखी पेपर आणि पन्नास गुणांची तोंडी परीक्षा असते. प्रत्येक पेपरात निम्मे आणि एकूण साठ टक्के गुण हवेत. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा. दुसऱ्यात एखादा शोध देऊन त्याचे विवरण आणि दावे लिहायला सांगतात. ही परीक्षा दर वर्षी होईलच असे नाही, म्हणून तिच्या भरवशावर घर सोडू नये.

एजंटला पेटंट कार्यालयापुढे काम करता येते. न्यायालयात उभे राहायला वकिलीची सनद लागते. त्यासाठी पदवीनंतरचा तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे आणि तो बारामतीतही होतो. व्यापारचिन्हे, खटले, करार यांत जायचे असेल तर तो करावा. नुसते विवरण लिहायचे आणि शोध तपासायचे असतील, तर आधी एजंटची परीक्षा द्यावी आणि काम आवडते का ते पाहावे. तिसरी वाट सरकारी परीक्षकाची. त्या पदाला विज्ञान शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते. २०२३मध्ये ५५३ जागांची जाहिरात निघाली होती. मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत महाराष्ट्र येतो, आणि नागपूरला राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिथली प्रशिक्षणे नवख्याला उपयोगी पडतात.

काम कसे असते? दिवसाचा बराच वेळ वाचण्यात जातो. दुसऱ्याचे जुने पेटंट, जपानी अर्जाचे भाषांतर, चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध. संशोधकाला प्रश्न विचारण्यात जातो, आणि संशोधकाला वाटते तो शोध आणि खरा शोध यांत बरेचदा फरक निघतो. नव्या कल्पनेचा आनंद तुमचा नसतो, तो समोरच्याचा. प्रयोगशाळेची ज्याला ओढ आहे त्याने हे क्षेत्र घेऊ नये. ज्याला विज्ञान आवडते, पण एकाच रेणूवर आयुष्य काढायला नको वाटते, आणि एका शब्दासाठी तासभर बसायची चिकाटी आहे, त्याने जरूर घ्यावे. सुरुवातीची वर्षे कमी पैशांची असतात आणि ती बहुधा पुणे, मुंबई, दिल्ली किंवा बंगळूरला काढावी लागतात. अर्ज आता ऑनलाइन होतात, त्यामुळे अनुभव आल्यावर बारामतीत बसूनही काम करता येते.

एक गोष्ट मी तिला अधिक जोर देऊन सांगितली. पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. तात्यांचे सगळे ज्ञान मराठीत आहे, तेही इंदापूरच्या मराठीत. ओलांडा, काडी, डोळा, फुटवा, मणीगळ, खरड छाटणी या प्रत्येक शब्दात वर्षानुवर्षांचे निरीक्षण आहे. ते कायद्याच्या इंग्रजीत नेताना एक शब्द सैल पडला की हक्काचा एक कोपरा गळतो. शहरातल्या मोठ्या कार्यालयात हुशार माणसे पुष्कळ आहेत. पण तात्या 'डोळा' म्हणतात तेव्हा ते नेमके काय दाखवतात, हे बांधावर वाढलेल्या मुलीला न सांगता कळते. घरच्यांना सांग, पाच वर्षांचे सायन्स वाया जात नाही. गावची भाषाही जात नाही.

सगळ्याला कुंपण नको

शेवटी एक सावधगिरी. सगळ्याच ज्ञानाला मालक हवा असे मी मानत नाही. आमच्या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेला नीरा वाहते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्याच नदीचे नाव 'को ८६०३२' या उसाला मिळाले. सरकारी संशोधनातून आलेला हा 'नीरा' वाण या कालव्यांच्या भागात वर्षानुवर्षे लावला गेला. बेण्यासाठी शेजाऱ्याच्या फडातून मोळी आणताना कुणी परवानगी विचारली नाही, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे. बौद्धिक संपदेच्या चांगल्या सल्लागाराचे अर्धे काम 'इथे हक्क मागू नका' हे सांगण्याचे असते. उरलेले अर्धे, 'इथे मागितला नाही तर दुसरा मागेल' हे वेळेत सांगण्याचे.

हा लेख लिहीत असताना तात्यांच्या बागेत फळछाटणी चालू आहे. त्या मुलीने विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे आणि रविवारी ती बागेत जाते. नव्या काड्यांच्या दहा वेली आणि जुन्या शरद सीडलेसच्या दहा वेली जीए न लावता सोडायच्या ठरल्या आहेत. त्या वीस वेलींचा माल बाजारात विकला जाणार नाही, हे तात्यांना माहीत आहे. वहीत तिने रकाने आखले आहेत : पानाची खाच, घडाचा आकार, मण्याची लांबी, मण्याची रुंदी, सालीची जाडी. फेब्रुवारीत मोजणी होईल. मणी बिनबुडवणीचेही लांबट निघाले, तर पुढचा हंगाम पुन्हा मोजू आणि मग अर्ज करू. नाही निघाले, तर तात्या वीस वेलींचा माल गमावतील आणि आम्हाला खरे काय ते कळेल.

परवा तात्यांचा फोन आला होता. मूळ वेलीला त्यांनी लाल फडके बांधले आहे, मजुरांनी चुकून तोडू नये म्हणून.